मुख्य चालक

परवाना परत मिळाला म्हणून थोरल्या दिरांनी घरात मिठाई वाटली, तेव्हा धाकट्या सुनेने डब्याला हात लावला नाही.

वर्षभरापूर्वी भर दुपारी, दारू पिऊन, लाल सिग्नल तोडून त्यांनी रस्ता ओलांडणाऱ्या एका शिक्षिकेला उडवलं होतं. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दिरांचा परवाना निलंबित झाला आणि घरात या प्रकाराला 'राजांची साडेसाती' असं नाव पडलं. राजे हे त्यांचं लाडाचं नाव.

धाकटी विमा एजंट होती. मिठाईचा डबा तिच्यापुढे सरकवत राजे म्हणाले, "आता गाडीच्या विम्याचं तू बघ. घरची एजंट असताना बाहेर कशाला जायचं?"

"सगळ्या कंपन्या नाही म्हणतील, भाऊजी. एकच कंपनी तयार होईल. तुमच्यासारख्यांचेच विमे उतरवते. हप्ता जबर आहे, शिवाय गाडीत वेग टिपणारं यंत्र बसवावं लागेल."

"म्हणजे मी काय दरोडेखोर?" त्यांनी बोटं चाटली. "त्यापेक्षा मुख्य चालक म्हणून हिचं नाव घाल ना. हिच्या नावावर साधा ओरखडा नाही."

ही म्हणजे थोरली जाऊ. गाडी तिच्याच नावावर होती. कर वाचावा म्हणून राजांनीच ती तशी घेतली होती. तिच्याकडे परवानाही होता, पण लग्नानंतर राजांनी तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. 'बायकोच्या हाती गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत' हा त्यांचा नेहमीचा विनोद, आणि त्यावर घरातले सगळे नेहमीसारखे हसत.

"पण चालवणार तुम्हीच ना?"

"मग काय ही? अगं, कागदापुरतं!"

"आणि पुन्हा काही झालं तर?"

"हिने म्हणायचं, मी चालवत होते. त्यात काय एवढं? आणि खरं सांगू, त्या मास्तरणीलाही जरा बघून चालता आलं असतं."

सासूबाईंनी मान डोलावली. धाकटीच्या नवऱ्याने पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला आणि बराच वेळ तो खाली ठेवलाच नाही. राजांच्या मिशीला साखर चिकटली होती. धाकटीला ती बघवेना.

दुसऱ्या दिवशी राजे बायकोला घेऊन धाकटीच्या ऑफिसात आले. गाडी पायऱ्यांना आडवी लावली, बायकोला खुर्चीत बसवलं, "कर सही, मी आलोच," म्हणून सिगारेट ओढायला बाहेर गेले.

"वहिनी, सही करायच्या आधी नीट विचार करा," धाकटी म्हणाली. "हे खोटं उघडं पडलं तर मान तुमची अडकेल."

जाऊ काचेतून नवऱ्याकडे बघत होती. "त्या दिवशी मी शेजारीच बसले होते," ती म्हणाली. "बाई रस्त्यावर पडून ओरडत होती. यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिलं वाक्य काय होतं, माहीत आहे? 'तू इकडे सरक, माझ्या जागेवर बस.' मला ओढलंसुद्धा. लोक धावत आले म्हणून राहिलं."

धाकटीने पेन खाली ठेवलं. "हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग सरकायचं होतंस."

धाकटीने अर्ज स्वतःकडे ओढून घेतला. मग जाऊने विचारलं, "एखाद्याला विम्यातून वगळता येतं का गं?"

"येतं. मग त्याने गाडी चालवली आणि काही झालं, तर कंपनी छदामसुद्धा देत नाही."

"मग यांना वगळ. मुख्य चालक मीच, पण खरीखुरी."

राजे सिगारेटचा वास घेऊन आत आले. "झालं?"

"झालं," जाऊ म्हणाली. "किल्ली द्या."

ते हसले. मग तिचा चेहरा बघून धाकटीवर घसरले. "तू पढवलंस हिला! ज्या घरचं खातेस त्याच घरावर उलटतेस?" आणि कचऱ्याच्या टोपलीत थुंकले. थुंकी टोपलीच्या काठावर पडून खाली ओघळली.

"तिला काही बोलू नका," जाऊ म्हणाली. "नाहीतर मला कुठे सरकायला सांगितलं होतंत, ते मी पोलिसांना सांगेन."

राजांचा चेहरा उतरला. त्यात लाज नव्हती, नुसती भीती. त्यांनी किल्ली टेबलावर फेकली.

गाडी दोनदा बंद पडली, मग धक्के खात निघाली. राजे मागच्या सीटवर, कुणी बघू नये म्हणून खाली घसरून बसले होते. धाकटीने ती टोपली उचलून बाहेर नेली आणि तिथेच टाकून दिली.

घरात व्हायचं तेच झालं. सासूबाईंनी दोन्ही सुनांशी अबोला धरला. राजे रिक्षा-टॅक्सीने फिरू लागले आणि भेटेल त्याला आपल्यावर झालेला अन्याय सांगू लागले. ऐकणारे हळहळतही.

"एवढं ताणायची काय गरज होती?" धाकटीच्या नवऱ्याने तिला विचारलं. "घरातलं घरात मिटलं असतं."

मिटलं असतं म्हणजे काय, हे तिला नीट ठाऊक होतं. कधीतरी वहिनी तुरुंगात गेल्या असत्या आणि घरची जेवणं वेळेवर होत राहिली असती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याच्यात राजे दिसले. तेच ओठ, तीच समजूतदार हनुवटी. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो दोन बोटांनी उचलून बाजूला केला.