दार उघडल्याचा फोन

मधल्या खोलीत, कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला टांगलेली पांढरी पेटी दिसते ना, ती मी. मला एकच वाक्य येतं, आणि तेही माझ्या आवाजात नाही. तरी आज बोलतेय. ज्यांना खबर देण्यासाठी मला इथे आणलं, त्यांच्यापर्यंत माझा आवाज आता पोहोचत नाही.

माझ्या खोक्यावर काळा मुखवटा घातलेल्या चोराचं चित्र होतं. त्यामुळे आपण एखाद्या बंगल्यात जाणार, दागिन्यांचं कपाट राखणार, असं मला वाटायचं. चंद्रपूरच्या एका दुकानात मी आठ महिने फळीवर पडून होते. मग एक दिवस सुनिल आला.

दुकानदाराने विचारलं, "चोरी झाली का जी घरी?"

"नाई," सुनिल म्हणाला. "माय निघून जाते."

अशी मी या घरात आले. कौलारू घर, पुढे अंगण, आणि गल्ली संपली की रान. सुनिल रोज मोटरसायकलने ऊर्जानगरला जातो, वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याची बायको दिव्यानी गावची आशाताई. लहान मुलांची वजनं, बाळंतिणींच्या भेटी, आरोग्य उपकेंद्रातल्या मीटिंगा, यात तिचा अर्धा दिवस जातो. आणि सुनिलची आई, धुरपताबाई. अंगाने धडधाकट, पण डोक्यातली वर्षं मागेपुढे झालेली. कधी सुनिलला ओळखत, कधी त्यालाच विचारत, "तू कोनाचा रे?" दोनदा त्या रानाच्या वाटेला लागल्या होत्या. आदल्या हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या गुराख्याला वाघाने नेलं होतं.

मला बसवायला बिरजू नावाचा कारागीर आला. त्याने दाराच्या फळीवर एक चुंबक लावलं आणि त्याच्यासमोर चौकटीवर त्याचा जोडीदार बसवला. दोघांत बोटभर फट पडली की दार उघडल्याचं मला कळतं. आधी माझ्यासोबत भोंगाही होता. पण तो पहिल्यांदा वाजला तेव्हा धुरपताबाई कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जाऊन बसल्या. सुनिलने स्वतःच्या हाताने त्याची तार काढली. मग उरला फक्त फोन.

बिरजूने माझ्या पोटात सिमकार्ड घातलं आणि तीन नंबर भरले. पहिला सुनिलचा, दुसरा दिव्यानीचा, तिसरा शेजारच्या कमळाबाईंचा. मग त्याने दिव्यानीला बोलायला सांगितलं. पहिल्या खेपेला मध्येच कोंबडा आरवला. दुसऱ्या खेपेला तिला हसू आलं. तिसऱ्या खेपेला ती नीट बोलली, "घरचं दार उघडलं. आई बाहेर गेल्या असतील. लवकर पाहा."

तेच माझं वाक्य.

"कोनी उचललंच नाई तं किती खेपा लावाचा?" बिरजूने विचारलं. "जास्त ठेवला तं मानूस कावते."

"तीन ठेव," सुनिल म्हणाला.

मग दार उघडून पाहिलं. सुनिलचा फोन वाजला. दिव्यानीचा वाजला, तेव्हा स्वतःचाच आवाज ऐकून तिने तोंडाला पदर लावला. धुरपताबाई खाटेवरून म्हणाल्या, "कोन बाहेर गेलं वो?" सगळे हसले, आणि मलाही आपण या घरचे झालो असं वाटलं.

कमळाबाई त्या दिवशी बाजाराला गेल्या होत्या. त्यांच्या फोनला रेंज नव्हती. बिरजूची बस सुटायची होती. "लागते तो," तो म्हणाला. "हा नंबर कोनाचा आहे, तेवढं त्याईले सांगून द्या."

ते सांगायचं राहून गेलं.

सुरुवातीला माझं सगळ्यांना कौतुक होतं. दिवाळीनंतर एकदा धुरपताबाई कडी काढून निघाल्या. माझा फोन गेला आणि दिव्यानी धापा टाकत आली. त्या विहिरीपर्यंतच पोहोचल्या होत्या. त्या दिवशी दिव्यानीने माझ्यावरची धूळ पदराने पुसली.

पण मला दार कळतं, दारामागचं कारण कळत नाही. वाऱ्याने फळी हलली तरी मी फोन लावायची. कमळाबाईंच्या शेळीने डोकं घासलं तरी लावायची. दिव्यानी बाळाला वजनकाट्यात ठेवत असायची आणि तिची पिशवी वाजायची. ती धावत यायची, तर दारात शेळी. हळूहळू ती धावेनाशी झाली, घरी आल्यावर पाहू म्हणू लागली. मी तिला दोष देत नाही. माणसाचे पाय तरी किती वेळा उगाच धावतील?

मग मोहफुलांचे दिवस आले. पहाटेपासून सगळी गल्ली फुलं वेचायला रानात. एरवी येता-जाता आत डोकावणाऱ्या कमळाबाईही टोपली घेऊन गेल्या. सुनिल कामावर होता. साडेआठला दिव्यानीने बटण दाबून मला जागं केलं, सासूजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती उपकेंद्रात मीटिंगला गेली.

नऊ वाजून गेल्यावर धुरपताबाई उठल्या. कोनाड्यातली टोपली घेतली. "मोह पडला असंन," त्या स्वतःशीच म्हणाल्या. कडी काढली आणि गेल्या. चपला उंबऱ्याजवळच राहिल्या.

मी सुनिलला फोन लावला. कामावर मोबाईल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. घंटी वाजून वाजून थांबली. दिव्यानीला लावला. तिने कापला. कमळाबाईंना लावला. त्यांनीही कापला. अनोळखी नंबर म्हणजे कंपनीचा फोन, असं त्यांना वाटलं.

दुसरी फेरी. सुनिलची घंटी वाजत राहिली. दिव्यानीने कापला, कमळाबाईंनी कापला.

आता एकच फेरी उरली होती. ती संपली की मी गप्प होणार, कारण बिरजूने मला तसंच शिकवलं होतं. दार सताड उघडं होतं. ऊन उंबऱ्यावरून आत सरकत होतं. एक कोंबडी आत येऊन सांडलेले तांदूळ टिपत होती. सुनिल, उत्तर नाही. दिव्यानी, कापला. मी नववा आणि शेवटचा फोन लावला.

"कोन आहे बे?" कमळाबाई ओरडल्या. "काऊन सारखा फोन करून राह्यला?"

मी माझं वाक्य म्हटलं.

"दिव्यानी? अवो, कोन गेलं बाहेर? धुरपताबाई? कवा गेल्या? कोन्या बाजूनं गेल्या?"

कवा ते मला माहीत होतं. टोपली घेऊन गेल्या, अनवाणी गेल्या, मोहाच्या झाडाकडे गेल्या, हे सगळं मला माहीत होतं. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मग फोन आपोआप बंद झाला.

पुढे चार तास मी त्या उघड्या दाराकडे पाहत होते.

काय झालं ते दुपारी घरात बोलणं झालं तेव्हा कळलं. कमळाबाईंनी सोबतच्या चार बायांना गोळा केलं. डबे वाजवत, ओरडत त्या रान धुंडत गेल्या. धुरपताबाई नाल्याच्या काठी सापडल्या, ओंजळीने पाणी पीत होत्या. तळपायात काटे भरलेले, टोपली कुठेतरी पडलेली. त्यांच्यापासून पाच-सहा पावलांवर ओल्या वाळूत वाघाचे पंजे उमटलेले होते, आणि त्यांत पाणी अजून झिरपत होतं.

दिव्यानी जमिनीवर बसून सासूच्या पायातले काटे काढत होती. "मी कापला," ती म्हणत होती. "तीनदा कापला मी."

दुसऱ्या दिवशी तिने दाराला बाहेरून लावायला कुलूप आणलं.

"मायले कोंडून जाशीन?" सुनिलने विचारलं.

"तुमी उचलला फोन? मी उचलला? मंग सांगा, काय करू?"

सुनिलने हेल्मेट उचललं. मग तो कामावर गेला.

तेव्हापासून धुरपताबाई आत असतात. पहिले काही दिवस त्या तळहाताने दार वाजवत. "उघडा न बाई, मोह वेचाची वेळ झाली." फळी हलायची, चुंबकं दूर व्हायची आणि मी फोन लावायची. मग सुनिलने माझ्यातलं सिमकार्ड काढून घेतलं. मी अजून भिंतीवर आहे, दिवा लागलेला आहे. पण दार हललं तरी ते आता मी कुणालाही सांगू शकत नाही.

कौलं तापतात. तांब्यातलं पाणी दुपारपर्यंत संपतं. परवा त्यांना घेरी आली, त्या खाटेच्या कडेला घसरल्या आणि तासभर तशाच पडून होत्या. मी इथून पाहत होते. वाक्य माझ्याजवळ होतं, आवाजही होता.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरीही माझ्यासारखी एखादी पेटी असेल, नाहीतर कुणी म्हातारं माणूस वारंवार फोन करत असेल. दहादा उगाच वाजला असेल, मान्य. तरी उचल. आणि इकडे कधी आलास तर सुनिलला म्हण, सिमकार्ड परत घाल. तीन खेपांच्या जागी तीस कर. लॉकरमधल्या फोनऐवजी दिवसभर घरी असणाऱ्या कुणाचा तरी नंबर भर, आणि तो कशाचा फोन आहे ते त्याला सांग. शेळी निघेल बहुतेक वेळा. येऊन शेळीला हाकला आणि परत जा.

लवकर म्हण एवढंच. आज दुपारी दिव्यानीने येऊन कुलूप काढलं, दार पूर्ण उघडलं आणि ती पाणी भरायला मागच्या अंगणात गेली. समोर वाट मोकळी होती. धुरपताबाई खाटेवर बसून होत्या. त्यांनी दाराकडे मान वळवली नाही.