मला थांबवायचे कसे?

मी एक जुने लेथयंत्र आहे. मित्रांनो, लोखंड सोलणाऱ्या यंत्राला भय कसले, असे तुम्हांस वाटेल. तथापि मी आजन्म भीत आले आहे.

माझी घडण लुधियान्याची. लखनऊच्या मानक नगरामागे चंद्रशेखर व विनया या मराठी दांपत्याचा लहानसा कारखाना होता, तेथे मी आले. चक म्हणजे माझा पोलादी जबडा. त्यात सळई धरून मी ती गरगर फिरवी. माझी फार स्तुती होई. परंतु कामगारांना रीतसर शिक्षण कोणी दिले नाही. एकाचे पाहून दुसरा करी. मला सुरू करणे सर्वांस येई. तत्काळ थांबविणे कोणासही येत नसे.

२०११ च्या जानेवारीत दाट धुके पडले होते. कारागीर जयसिंग गळ्यात मफलर गुंडाळून माझ्यावर वाकला. मफलरचे टोक चकात गुंतले व मी त्यास ओढू लागले. मित्रांनो, मला ओढायचे नव्हते! त्याचा चेहरा वीतभर अंतरावर आला.

"रोको! अरे, रोको!" सर्व ओरडले. हात मात्र कोणाचाच हलला नाही.

विनयाताईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. जयसिंग वाचला. त्याच्या मानेवर लाल वळ उठला होता.

"अहो, दहा दिवस काम बंद. आधी सगळ्यांना शिकवायचं," त्या म्हणाल्या.

"आणि ऑर्डर?" चंद्रशेखरांनी विचारले.

"ऑर्डर चुकली तर माफी मागता येते. आज याच्या बायकोला काय सांगितलं असतंत?"

त्यांनी ऑर्डरची वही मिटली.

शिकविण्यास प्रशिक्षण संस्थेतील सुनीती मॅडम आल्या.

"पंद्रह साल से चला रहा हूँ. अब मैडम चलाना सिखाएँगी?" जयसिंग कुरकुरला.

"चलाना नहीं, भैया, रोकना. आँखें बंद करके लाल बटन ढूँढिए."

त्याचा हात माझ्या अंगावरून चाचपडत फिरला. हँडलवर गेला, परत आला. मला तत्काळ थांबविणारे ते बटण इतक्या वर्षांत त्याने कधी दाबलेच नव्हते. अखेर सापडले, तेव्हा त्याचे कपाळ घामाने भिजले होते.

आता माझी बेअरिंगे कुरकुरतात. अनोळखी हात लागला की अजूनही मी धास्तावते. मित्रांनो, उद्या तुम्ही कारखान्याचे धनी व्हाल, तेव्हा माणसाला यंत्रापुढे उभे करण्याआधी शिकवा. सळई कोणती आणि मान कोणती, हे मला कळत नाही.