माळावरचे खड्डे

रोपांनी भरलेला टेम्पो मार्गासनीच्या माळावर चढताना दिसला, तेव्हाच नलूताईंचं डोकं फिरलं.

भोरच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या आणि माळ राखणाऱ्या त्यांच्या गटातली चार-पाच माणसं रविवारी इथं येत. घाणेरी मुळासकट उपटायची, मोकळ्या जागी पवन्या, मारवेल अशा गवतांचं बी टाकायचं. यंदाच्या श्रावणात कुठं गवत गुडघ्याला लागायला लागलं होतं.

टेम्पोतून श्रेयस उतरला, त्याच्यामागून कुदळी घेतलेले मजूर. बँकेत नोकरीला, आणि गटातला अगदी पहिल्यापासूनचा.

"ताई, एका कंपनीनं रोपं दिलीत! दुपारी त्यांची माणसं फोटोला येणारेत."

"आणि लावायची कुठं?"

"इथंच की. एवढा उजाड माळ पडलाय."

"उजाड? अरे, मग इतके दिवस माझ्याबरोबर काय करतोयस तू?"

"गवत लावतोय. पण शेवटी जंगलच व्हायला हवं ना?"

नलूताई दगडावर बसल्या. सरपंचांना, नातेवाइकांना, खुद्द सुनेलासुद्धा सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती. आता गटातल्याच माणसाला पहिल्यापासून शिकवायचं! तरी त्यांनी सांगितलं: माळ हा माळच असतो, त्याचं जंगल व्हायचं राहिलेलं नसतं, सावली पडली की हे गवत जातं. श्रेयसनं मान डोलावली आणि मजुरांना खड्डे घ्यायला सांगितले.

कुदळींचा आवाज ऐकून खालच्या वस्तीवरचा हनुमंत तावातावानं वर आला. तो थेट नलूताईंवरच घसरला.

"दसऱ्यापतुर ढोरं सोडू नका, गवत वाढू द्या, असं तुमीच म्हनला व्हता. आमी थांबलो. ते हे खड्डे घ्यायला व्हय? गाईचा पाय मोडला म्हंजी?"

"मला नका विचारू. ह्यांना विचारा!"

श्रेयस एकदा खड्ड्याकडं, एकदा हनुमंताकडं बघत राहिला. मग मजुरांना थांबवून त्यानं कंपनीला फोन लावला. बराच वेळ 'हो सर, सॉरी सर' चाललं होतं.

वड आणि करंज माळाखालच्या ओढ्याकाठी लागले. परदेशी गुलमोहर नलूताईंनी टेम्पोतून उतरूच दिला नाही. कंपनीची माणसं आली, पण ओढ्यावरून फोटोत डोंगर नीट येत नाही म्हणून कुरकुरत लवकरच गेली.

मग माळावरचे खड्डे बुजवायचे राहिले. मजूर टेम्पोबरोबरच निघून गेले होते.

"ताई," श्रेयस घाम पुसत म्हणाला, "ओढ्याकाठचा एखादा वड तरी आणून लावू या का वर? आपल्यालाच बसायला सावली."

नलूताईंनी कपाळाला हात लावला, आणि फावडं त्याच्या हातात दिलं.