वाळा बसतो तेव्हा

“मामा, जमिनीतलं तेल काढून घेतलं तर वरची गावं खाली बसत नाहीत का?”

तारानं विचारून टाकलं. गोपिका आणि देवकी या मैत्रिणींनी तशी पैजच लावली होती. गोपिकेचे मधुसूदनमामा गुजरातेतल्या तेलविहिरींची गणितं करायचे. त्यांच्यापुढं ताराचं तोंड उघडणारच नाही, असं दोघींचं म्हणणं. उघडलं ते असं. दोघी ओढणीत तोंड खुपसून खिदळल्या.

तारालाही हसू आलं असतं, पण डोक्यात दुसरंच घोळत होतं. उद्या अकरावीत नाव टाकायचं होतं. घरी आर्ट्स ठरलं होतं, पुढं डी.एड. गणितात एवढे मार्क पडूनही बाबा एवढंच म्हणाले होते, “गणित घेऊन करशील काय?”

मामा गोपिकेच्या घरी कूलरपुढं बसून पन्हं पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला. बसतात कधीकधी, म्हणाले. तेल काही खाली तळ्यासारखं साचलेलं नसतं. ते खडकाच्या बारीक छिद्रांत असतं, आणि तिथं राहून वरचं ओझं थोडं आपणही पेलतं. ते काढलं की खडक दबतो, छिद्रं आकसतात, आणि उरलेल्या तेलाची चालच बदलते.

ताराची नजर कूलरच्या, वाळ्याचं गवत भरलेल्या ताटीवर गेली. पाण्यानं वाळा खाली बसतो. बसला की पाणी दुसरीकडून उतरतं. मग तो तिकडंही बसतो. हे तर ती दर उन्हाळ्यात पाहत आली होती.

“मग आधी काय मोजायचं, मामा? पाणी का वाळा?”

मामा सरसावून बसले. “पुष्कळदा आम्ही वाळा हलतच नाही असं धरतो. सोपं पडते. पण खरं म्हणजे आधी तेल मोजायचं, मग खडक किती दबला ते, मग त्या दबलेल्या खडकातून परत तेल.”

“कधीपर्यंत?”

“आकडे हलायचे थांबेस्तोवर.”

त्यांनी दोन सोपी समीकरणं सांगितली. तारानं पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला सुरू झाली. पहिल्या फेरीला आकडा केवढा तरी सरकला. दुसरीला थोडा. पुढं जागचा हलेनाच. “हिले भूत लागलं वं,” म्हणत गोपिका उठून गेली, तेही तिला कळलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा कूलरच्या ताटीत नवा वाळा ठासत होते. ठासला की बसणार नाही, हा बाबांचा दरवर्षीचा हिशेब. आणि दरवर्षी पाणी आत शिरायचं नाही, भिंतीवरून ओघळायचं. आई पुसायचं फडकं घेऊन आधीच उभी होती.

तारानं शेजारी बसून अर्धा वाळा उपसला, उरलेला मोकळा केला, आणि पंप लावला. पाणी ताटीभर सावकाश उतरलं.

“आता हा बसंल,” ती म्हणाली. “मंग वरून थोडा घालू. मंग परत पाहू.”

बाबांनी उपसलेला वाळा वरून घालायला बाजूला ठेवला. आईच्या हातातलं फडकं कोरडंच होतं.

“बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, गणित घेऊन करशील काय? हेच करीन. खडकातल्या तेलाचं. उद्या मी आर्ट्सले नाव टाकत नाही. सायन्सले टाकीन, गणित घेऊन.”