गाडीच्या छताकडे कोण बघतं?

गाडीत बसल्यावर तुम्ही काय काय बघता? काचेतून बाहेर बघता, आरशात भांग बघता, मोबाईल तर बघताच बघता. वर मात्र कुणी बघत नाही. तिथे, तुमच्या डोक्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर, मी एकोणीस वर्षं पालथा चिकटून होतो. मी एका जुन्या पांढऱ्या मोटारीच्या छताचं आतलं कापड बोलतोय.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पाठीला फोमचा पातळ थर लावला, तो सोल्युशनने एका कडक पुठ्ठ्यावर बसवला आणि पुठ्ठा पत्र्याखाली अडकवला. झाली माझी जन्मकथा! तापलेला पत्रा माणसांना दिसू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

माझे पहिले मालक नगरचे विष्णुपंत. बँकेतून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे. ते गाडी चालवायचे कमी आणि पुसायचे जास्त. दर रविवारी बोनेट, काचा, चाकंसुद्धा फडक्याने पुसून निघायची. माझ्यापर्यंत फडकं कधी पोहोचलं नाही. मी रुसलो नाही असं म्हणणार नाही, थोडा रुसलोच. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी गाडी बेलापूरच्या कानिफनाथांना विकली, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि घरात निघून गेले.

कानिफनाथ शेतकरी. त्यांच्याकडे आल्यावर गाडीला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. मागच्या सीटवर कधी कांद्याच्या गोण्या, कधी ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, एकदा तर गाभण शेळी. तिने मला चाटूनही पाहिलं. चव काही आवडली नसावी.

गाडी उघड्या अंगणात उभी असायची. एकामागून एक उन्हाळे गेले, माझ्या पाठीचा फोम भाजून निघाला आणि त्याचा पिवळा भुगा झाला. पाठच सुटल्यावर मी तरी कशाच्या आधाराने राहणार? खाली लोंबायला लागलो. दार आपटलं की भुगा खाली. कानिफनाथांची पांढरी टोपी पिवळी व्हायची आणि बाजारात लोक विचारायचे, "काय बाबा, जेजुरी करून आला व्हय?" त्यांची बायको छबूबाई मला टाचण्या टोचून वर धरायच्या. टोचायच्या आधी त्या हाताने चाचपडायच्या, कारण त्यांना मी दिसतच नव्हतो.

छबूबाईंचा डावा डोळा लहानपणी बाभळीच्या काट्याने गेलेला. उरला उजवा, त्यात मोतीबिंदू पिकला. गेल्या चार-पाच वर्षांत त्या नवऱ्याला खोकल्यावरून ओळखायच्या. "कांदे निघू द्या, मग बघू," म्हणत म्हणत त्यांनी ऑपरेशन लांबवलं होतं. शेवटी यंदा नगरच्या दवाखान्यात तारीख मिळाली. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई गाडीपर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आजींना हा एकच डोळा आहे. ऑपरेशननंतर त्यात कणभरही धूळ जाता कामा नये."

कानिफनाथ गाडीत बसले. दार लावलं. माझ्या पाठचा भुगा भुरभुरत त्यांच्या मनगटावर पडला. त्यांनी आधी मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते घाबरले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी विहिरीवरच्या खोलीतून पाईपलाईनचं सोल्युशन आणलं. "पान्याचा एवढा जोर धरतंय, चार हात कापड धरनार न्हाई व्हय?" असं म्हणत ब्रश भरभरून माझ्या पाठीला चोपडलं. अहो, ते प्लास्टिकचे पाईप जोडायचं औषध! उरलासुरला फोम विरघळला, ड्रायव्हरच्या डोक्यावर मला तळहाताएवढं भोक पडलं, मधला भाग पुठ्ठ्याला वेडावाकडा चिकटला आणि बाकीचा मी पहिल्यापेक्षा जास्त लोंबू लागलो.

छबूबाईंना ओट्यावर वास आला. "अवो, गाडी जोडताय का पाईप?"

"गप बस. वाळंल."

वाळलं, पण धरलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी छबूबाई डोक्यावरून चादर घेऊन नगरला गेल्या. दुपारी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी काढून घरी सोडणार होते. कानिफनाथ दवाखान्यातून निघाले आणि गाडी घेऊन थेट जवळच्या केडगावला, गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्यांच्या दुकानांकडे आले. दोन दुकानदारांनी आत डोकावून हात जोडले. तिसरं दुकान विजयमालाबाईंचं. सीट शिवणं आणि गाडीची छतं बसवणं हे काम त्या नवऱ्यामागे एकट्या करत होत्या.

त्यांनी माझ्या भोकातून बोट घातलं. "बाबा, हे काय लावलंय?"

"पाईपचं सोल्युशन."

विजयमालाबाई खो खो हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे पुठ्ठ्याला चिकटून बसलंय. काढताना पुठ्ठा मोडला तर या गाडीचा नवा मिळायचा नाही. दोन दिवस तरी लागतील."

"ताई, उद्या दुपारी मंडळीला घरी न्यायचंय. तिला एकच डोळा हाय. आन् ह्यो भुगा..." त्यांनी टोपी काढून बाईंपुढे धरली. ती पिवळीधम्मक होती.

बाईंनी टोपी पाहिली, हातातलं सीटचं काम बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "गाडी आत घ्या."

त्यानंतर मी जे पाहिलं त्याने मी चकित झालो. त्यांनी आतला दिवा काढला, धरायच्या मुठी काढल्या आणि अख्खा पुठ्ठा मागच्या दाराने अलगद बाहेर घेतला. जिथे मी घट्ट बसलो होतो तिथे पातळ पातं घालून त्या मला केसाकेसाने सोडवू लागल्या. एकदा पुठ्ठा करकरला. बाई थांबल्या, वाफाळलेलं फडकं त्यावर ठेवलं, वाट पाहिली आणि पुन्हा पातं घातलं. दिवेलागणीपर्यंत मी सुटलो आणि पुठ्ठा शाबूत राहिला. ज्या बाईला छबूबाईंनी कधी पाहिलंही नव्हतं, ती त्यांच्या डोळ्यासाठी असा श्वास रोखून बसली होती. माणसांचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं.

नवं कापड त्यांनी रात्रीच मधून कडेला, तळहाताने थापत थापत बसवलं. सकाळी पुठ्ठा परत पत्र्याखाली गेला. "दारं उघडी ठेवून दुपारपर्यंत उन्हात उभी करा. वास डोळ्याला झोंबेल," त्या म्हणाल्या. माझा बोळा केराकडे निघाला तेव्हा कानिफनाथ आडवे आले.

"टाकू नका ताई. चांगलं कापड हाय, कामाला येतंय."

"मग धुऊन देते. नाहीतर तोच भुगा पुन्हा घरी न्याल."

अशा तऱ्हेने मी जन्मात पहिल्यांदा अंघोळ केली आणि वाळून, घडी होऊन मागच्या सीटवर जाऊन बसलो.

दुपारी छबूबाई काळा चष्मा लावून माझ्या शेजारी बसल्या. कानिफनाथांनी सवयीने दार आपटलं आणि दोघांनी अंग चोरलं. वरून काहीच पडलं नाही. छबूबाईंनी चष्मा जरा वर सरकवला आणि वर पाहिलं. किती वेळ बघत होत्या!

"पांढरं हाय की वो," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "आन् ह्ये?"

"जुनं. पोत्यावर झाकायला हुईल."

त्यांनी मला मांडीवर पसरलं. "ह्याच्यावर तर बारीक बारीक रेघा हायेत. जवारीच्या पानावर असत्यात तशा. तुमी कवा सांगितलं न्हाई."

"मला तरी कुठं ठावं हुतं?"

मलाही ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं मी स्वतःला साधं, कोरं कापड समजत होतो.

कानिफनाथ किल्ली फिरवणार तेवढ्यात छबूबाईंनी पुढे वाकून त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे वळवला. कपाळ पाहिलं, गाल पाहिले, पांढऱ्या मिशा पाहिल्या.

"तुमी येवढं म्हातारं कवा झालाव?"

किल्ली कानिफनाथांच्या हातातच राहिली आणि गाडी बराच वेळ दवाखान्याच्या दारात उभी होती. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी दोघं हलले नाहीत. मी छबूबाईंच्या मांडीवर पडून होतो. अशी भाग्याची जागा आमच्या जातीच्या कापडाला कधी मिळाली नसेल.

आता मी त्यांच्या उशाशी असतो. दिवसातून चारदा कानिफनाथ त्यांच्या डोळ्यात औषध घालतात, तेव्हा माझी घडी छबूबाईंच्या मानेखाली असते. पोती झाकायला मला अजून कुणी नेलेलं नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आज गाडीत बसाल तेव्हा निघायच्या आधी एकदा वर बघा, आणि मग शेजारी बसलेल्या माणसाकडेही बघा.