चाळणीवरचा तांबडा दिवा

लाइट गेली आणि लातूरची दालमिल अंधारात गप झाली. चाळणीचं बटण मात्र चालूच राहिलं. मालक अमृतराव जनरेटरपाशी गेले, नेहमीसारखा गळ्यातल्या लिंगाला हात लावून त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात ऑफिसातून सून मंजुश्री ओरडली, "मामा, थांबा! कॅमेऱ्यात आपला गडी सुदर्शन दिसून राहिला. चाळणीत हात घालून अडकलेली तूर काढतोय!"

"लाइट न्हाई, तर कॅमेरा काय रॉकेलवर चालतो? जुनं चित्र असंल."

"त्याला नेटच्या वायरीतूनच करंट जातो, ऑफिसातल्या बॅटरीचा!"

अमृतरावांचा हात चावीवर गेला. मंजुश्रीनं ऑफिसातून कॅमेऱ्याची वायर उपटली. अमृतरावांच्या डोळ्यांसमोर चाळणीवरचा कॅमेऱ्याचा तांबडा दिवा विझला. तिनं वायर परत खोचली, दिवा उजळला.

अमृतरावांनी हात मागं घेतला. "सुदर्शन," त्यांनी चाळणीकडं हाक दिली, "भाईर ये रे, लेकरा."