शंभर मेसेज संपले तेव्हा

मित्रांनो, जरा जवळ सरका. मी एक जुना मोबाइल आहे, पोटाखालून कीबोर्ड सरकवून बाहेर काढायचा तसला. तुम्ही माझ्यासारखा पाहिला नसेल. या घरातल्या तनयाने मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा विचारलं होतं, हा कॅल्क्युलेटर आहे का? मी गप्प बसलो. बॅटरी फुगल्यापासून वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

माझा मुक्काम सध्या शुक्रवार पेठेत, मंडईमागच्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या खणात आहे. सोबतीला तीन चार्जर आहेत, त्यातला एकही माझा नाही. शिवाय कानाला लावायचं एक यंत्र आहे. ते तनयाच्या आजीचं, म्हणजे श्यामलाबाईंचं. लावलं की शिट्टी मारतं, म्हणून त्यालाही माझ्यासारखंच निवृत्त केलं. आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाही. बोलण्यासारखं होतं ते सगळं केव्हाच बोलून झालं.

कारखान्यातल्या जन्माची हकिगत मी सांगत बसत नाही, ती सगळ्या फोनांची सारखीच असते. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते पंधराएक वर्षांपूर्वी, लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात. श्यामलाबाई तेव्हा एका शाळेत क्लार्क होत्या. दुकानदार मोठ्या हौसेने माझी रिंगटोन वाजवून दाखवू लागला. आवाज बघा किती खणखणीत आहे, असं चाललं होतं त्याचं.

श्यामलाबाई म्हणाल्या, "आवाज नकोय. बटणं दाखवा."

शेजारी त्यांची मुलगी निशा उभी होती, एकवीस वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिने माझा कीबोर्ड सरकवला, दोन्ही अंगठे बटणांवरून फिरवले आणि आईकडे बघून हसली. झालं, खरेदी पक्की.

मग मी राबलो हो! निशा मार्केट यार्डातल्या एका मसाल्याच्या पेढीत पाकिटांवरची लेबलं कॉम्प्युटरवर तयार करायची. बसमध्ये उभी असली तरी एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने माझ्यावर लिहायची, न बघता. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. सगळ्यात आधी माझं 'ए'चं बटण झिजलं, कारण ती दिवसातून कितीतरी वेळा 'आई' लिहायची.

आणि आई सगळं कळवायची. शेजारी भांडण झालं, मंडईत मटार आले, खालच्या काकूंना नात झाली. घरी पाहुणे आले आणि एखाद्या बोलण्यावर सगळे हसले की निशा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. पाहुणे हात हलवून म्हणायचे, "काही नाही, काही नाही." निशाला ओठांवरून फार शब्द ओळखता येत नव्हते, पण हे दोन तिला पाठ झाले होते. मग मी तिच्या हातात थरथरायचो. समोर बसलेल्या आईचा मेसेज असायचा. तुझ्या मामांचा विनोद अगदीच फालतू होता, तरी पाठवते. श्यामलाबाईंच्या साध्या फोनवर एका अक्षरासाठी एकच बटण तीन-तीनदा दाबावं लागायचं. तरी त्या माऊलीने 'काही नाही' असं एकदाही लिहिलं नाही.

पुढच्याच वर्षी नियम आला. जाहिरातींच्या मेसेजांचा सुळसुळाट झाला होता म्हणून एका सिमवरून दिवसाला शंभरच मेसेज पाठवायचे असं ठरलं. जाहिराती काही थांबल्या नाहीत, निशाचं बोलणं मात्र शंभरावर आलं. तुम्हाला शंभर पुष्कळ वाटतील. मित्रांनो, सकाळी उठल्यापासून शाळेत पोहोचेपर्यंत तुम्ही किती वाक्यं बोलता, एकदा मोजून बघा. निशा मोजायची. शेवटचा एक मेसेज ती राखून ठेवायची, 'पोहोचले' म्हणून. घराबाहेर जायला आईची तेवढी एकच अट होती.

नवरात्रातला रविवार होता. निशा तिच्या कर्णबधिर शाळेतल्या मैत्रिणींबरोबर खडकवासल्याला गेली. बाराजणींना एकमेकींना शोधण्यातच निम्मे मेसेज गेले. उरलेल्यांतले काही हिरा नावाच्या मैत्रिणीला भज्यांवरून चिडवण्यात गेले. त्यातला एक फार लांबलचक होता. लांब मेसेज दोन म्हणून मोजतात, हे निशाच्या लक्षात आलं नाही. तिच्या हिशोबाने नव्याण्णव झाले होते. कंपनीच्या हिशोबाने शंभर.

परत येताना धायरी फाट्यापाशी बस बंद पडली. मैत्रिणी आधीच आपापल्या वाटेने गेल्या होत्या. दिवेलागण झाली, दुसरी बस येईना. आईचे मेसेज मात्र येत होते. निघालीस का? कुठे आहेस? निशा? तिने लिहिलं, 'बस बंद पडली, येते.' मी पाठवला, तो परत आला. तिने चार वेळा पाठवून बघितलं आणि चारही वेळा मला तेच तेच सांगावं लागलं, मेसेज गेला नाही. स्वतःची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

थांब्यावर एक गृहस्थ उभे होते. तिने मला त्यांच्यासमोर धरलं, पडद्यावरचा मजकूर दाखवला, आईचा नंबर दाखवला, हाताने फोन लावायची खूण केली. त्यांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. वर्गणी मागणारी कोणीतरी समजून "नको, नको" म्हणाले आणि चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. निशाने मला छातीशी धरलं.

शाळेत बाईंनी तिचा हात स्वतःच्या गळ्याला लावून तिला काही शब्द शिकवले होते. आई, पाणी, येते. ती सात वर्षांची असताना गल्लीतल्या मुलांनी तिच्या आवाजाची नक्कल केली, त्या दिवशी तिने तोंड मिटलं ते मिटलंच. घरातही शब्द काढत नसे.

त्या संध्याकाळी तिने आईचा नंबर लावला. पडद्यावर सेकंद धावू लागले, म्हणजे आईने फोन उचलला होता. निशाने मला तोंडाशी नेलं. वर्षभरात माझ्या त्या भागाशी कोणीच कधी बोललं नव्हतं.

ती म्हणाली, "आई. येते."

जाडाभरडा, वर-खाली होणारा आवाज होता. थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. ते गृहस्थही बघू लागले. पलीकडून श्यामलाबाई आधी "कोण?" म्हणाल्या. मग त्यांना आवाज ओळखू आला.

"निशा? बाळ, परत बोल. एकदाच परत बोल."

निशाला ते ऐकू येणार नव्हतं. तिने फोन बंद केला. लगेच मेसेज आला, 'ऐकलं. ये.'

श्यामलाबाई 'परत बोल' म्हणाल्या होत्या, हे त्यांनी लेकीला कधीच सांगितलं नाही. तिच्यावर जबरदस्ती नको, असं त्यांना वाटलं असेल. त्यांच्याशिवाय ते फक्त मला माहीत आहे, आणि मला ते तिला सांगता येत नाही. माझ्या थकव्याचं अर्धं कारण ते आहे.

पुढे नियम गेला, काचेचे फोन आले. समोरासमोर बघून हातांच्या खुणांनी बोलता येऊ लागलं. निशाची खरी भाषा तीच. पडद्यावरच्या मैत्रिणीशी तिचे हात भराभर बोलू लागले तेव्हा मला वाईट वाटलं, पण तिच्यासाठी बरंही वाटलं. तिचं लग्न झालं, तनया झाली आणि मी खणात गेलो. वर्षंच्या वर्षं कोणी विचारपूस केली नाही. तक्रार नाही, आपलं सांगतोय.

आता तनया दहा वर्षांची आहे. तिला छान ऐकू येतं आणि ती अखंड बडबडते. श्यामलाबाईंचे कान मात्र गेले. सुरुवातीला त्या "काय म्हणालीस?" विचारायच्या. तनया एकदा सांगायची, दुसऱ्यांदा वैतागून सांगायची, तिसऱ्यांदा म्हणायची, "काही नाही गं आजी, जाऊ दे." हळूहळू श्यामलाबाईंनी विचारणंच सोडलं. संध्याकाळी सगळी मंडळी बाहेरच्या खोलीत बसली की त्या आत जाऊन उगाच चादरींच्या घड्या घालत बसायच्या. घरात असून नसल्यासारख्या. मी खणाच्या फटीतून बघत होतो आणि माझा जीव तुटत होता.

गेल्या महिन्यात निशाने ते दोन शब्द तनयाच्या ओठांवर पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढलं. आईची बोटं काचेवर थरथरतात, माझी बटणं तरी तिला जमतील, असं तिच्या मनात असावं. माझीही आशा पालवली, खोटं कशाला बोलू? तनयाला घेऊन ती दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "बॅटरी मिळणार नाही. याला हार घाला आणि भिंतीवर लावा."

तनयाला हसू फुटलं. निशाने हाताने विचारलं, काय म्हणाला? तनयाने सवयीने हात झटकून खूण केली, काही नाही.

निशा जागची हलली नाही. तिने लेकीचा हात धरला आणि भर दुकानात तोंड उघडलं.

"सांग."

तोच आवाज, तसाच जाडाभरडा. तनया दचकली. आईच्या तोंडून शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला होता. मग तिने हातांनी सगळं सांगितलं, हारासकट. निशा खो खो हसली.

त्या संध्याकाळी तनया आजीच्या मागे आतल्या खोलीत गेली. आईच्या फोनवर मोठ्या अक्षरांत तिने दुकानदाराचं बोलणं लिहिलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं. श्यामलाबाईंनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, टेबलावर पडलेल्या माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग नातीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "ऐकलं."

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका, माझा काळ झाला. हारही नको, दुकानदाराला सांगा. पण तुमच्या घरात कोणी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा "काय म्हणालास?" विचारलं, तर 'काही नाही' म्हणू नका. परत सांगा. तुम्हाला काही दिवसाला शंभरच मिळत नाहीत.

चला, आता खण लावून घ्या. थोडी फट राहू द्या, म्हणजे झालं.